क्ष-किरण सूक्ष्मदर्शनातील कलाभेद प्रतिमांकन : तत्त्व, पद्धती आणि प्रतिमावाचनाच्या मर्यादा

सारांश

क्ष-किरणांच्या पारंपरिक छायाचित्रात वस्तूचा कोणता भाग किती किरण शोषून घेतो, एवढीच माहिती उमटते. मऊ ऊती, वनस्पतिपेशी, बहुवारिके, कार्बनी शाई यांसारखी हलक्या मूलद्रव्यांची बनलेली द्रव्ये फारच थोडे किरण शोषतात. त्यामुळे अशा चित्रात ती जवळजवळ अदृश्य राहतात. मात्र याच द्रव्यांतून जाताना क्ष-किरण तरंगाची कला लक्षणीय बदलते. या बदलाचे दृश्य तीव्रतेत रूपांतर करणाऱ्या तंत्रांना एकत्रितपणे कलाभेद प्रतिमांकन म्हणतात. प्रयोगशाळांत त्यास फेज काँट्रास्ट असेच संबोधले जाते. प्रस्तुत लेखात या तंत्रामागील भौतिक तत्त्व, त्याच्या प्रमुख पद्धती, जीवाश्मशास्त्रापासून वैद्यकापर्यंतचे उपयोजन आणि भारतातील सोय यांचा आढावा घेतला आहे. कलाभेद प्रतिमा ही वस्तूची सरळ छाया नसून ती मोजमाप व गृहीतके यांच्या संयोगातून सिद्ध होते, म्हणून ती कोणत्या पद्धतीने मिळाली हे जाणल्याखेरीज तिचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : क्ष-किरण, अपवर्तनांक, कला, छायाभेद, व्यतिकरण, विवर्तन जालक, सिंक्रोट्रॉन, टोमोग्राफी

१. प्रस्तावना

वस्तू न फोडता तिच्या अंतरंगाचे दर्शन घडवणे हे क्ष-किरणांचे सर्वांत मोठे सामर्थ्य होय. १८९५ साली विल्हेल्म राँटगेन यांनी या किरणांचा शोध लावला आणि अल्पावधीतच वैद्यकाने त्यांचा स्वीकार केला. हाताच्या छायाचित्रात हाडे स्पष्ट दिसत होती. परंतु त्याच हातातील स्नायू, कंडरा आणि कूर्चा मात्र एका धूसर करड्या छायेत विलीन झाल्या होत्या. पुढे शतकभर ही त्रुटी क्ष-किरण चित्रणाचा अंगभूत गुणधर्म म्हणून स्वीकारली गेली. तिच्यावर उपाय म्हणून बेरियम वा आयोडीनयुक्त द्रव्ये शरीरात सोडणे, तर सूक्ष्मदर्शनात जड धातूंच्या क्षारांनी नमुना रंगवणे, हे मार्ग रूढ झाले.

या उपायांना किंमत मोजावी लागते. रंगवलेला नमुना मूळ अवस्थेत राहत नाही. एकमेवाद्वितीय असा जीवाश्म किंवा प्राचीन दस्तऐवज रंगवता येत नाही. किरणांची मात्रा वाढवून चित्र सुधारू पाहिल्यास सजीव ऊतींना इजा पोहोचते. म्हणूनच शोषणावर अवलंबून नसलेला आणि तरीही क्ष-किरणांची भेदनक्षमता राखणारा मार्ग शोधणे ही केवळ भौतिकशास्त्राची नव्हे, तर जीवशास्त्र, पुरातत्त्व, पदार्थविज्ञान व वैद्यक या सर्वांचीच गरज होती. कलाभेद प्रतिमांकनाने ही गरज बऱ्याच अंशी भागवली आहे.

२. शोषणाची छाया आणि तिची मर्यादा

एखाद्या द्रव्यातून तरंग जातो तेव्हा दोन गोष्टी घडतात. त्याचा आयाम घटतो, म्हणजे ऊर्जेचा काही भाग शोषला जातो. आणि त्याची कला सरकते, म्हणजे तरंगाचे शिखर निर्वातातून गेलेल्या तरंगाच्या तुलनेत मागे किंवा पुढे पडते. फोटोग्राफिक फिल्म असो वा आधुनिक अंकीय संवेदक, त्यांना केवळ तीव्रता नोंदवता येते. तीव्रता ही आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कलेचा तिच्यात मागमूसही राहत नाही. परिणामी पारंपरिक चित्रात पहिला बदल उमटतो, दुसरा हरवतो.

पहिला बदल मूलद्रव्याच्या अणुक्रमांकावर तीव्रतेने अवलंबून असतो. कॅल्शियमयुक्त हाड आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन यांनी बनलेला स्नायू यांत म्हणूनच ठळक फरक दिसतो. परंतु स्नायू आणि चरबी, किंवा पेशीभित्तिका आणि तिच्या आतील द्रव, यांच्या शोषणातील तफावत अत्यल्प असते. नमुना जितका लहान तितकी ही अडचण बिकट होते. काही मायक्रोमीटर जाडीची पेशी कठीण क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शकच असते.

मृदू क्ष-किरणांच्या बाबतीत निसर्गाने एक पळवाट ठेवली आहे. सुमारे २.३ ते ४.४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात कार्बन किरण बऱ्यापैकी शोषतो, पाणी मात्र तुलनेने पारदर्शक राहते. या 'जलगवाक्षा'चा लाभ घेऊन ओल्या वा गोठवलेल्या पेशींचे चित्रण करता येते. परंतु हे किरण साधारण दहा मायक्रोमीटरपेक्षा जाड नमुन्यातून पुरेशा प्रमाणात पार होत नाहीत. जाड नमुन्यासाठी कठीण किरणच हवेत आणि कठीण किरणांना मऊ द्रव्य दिसत नाही, अशी ही कोंडी होती.

३. राँटगेन यांना न आढळलेले अपवर्तन

कोंडी फोडणारा परिणाम प्रारंभापासून अस्तित्वात होता. तो मोजण्याइतकी साधने नव्हती. राँटगेन यांनी आपल्या पहिल्याच निबंधात अपवर्तनाचा शोध घेतल्याचे नमूद केले आहे. अभ्रकाच्या लोलकात पाणी व कार्बन डायसल्फाइड भरून त्यांनी किरण वळतात का हे तपासले. विचलन आढळले नाही. भिंगाने या किरणांचे केंद्रीकरण करता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळातील साधनांच्या दृष्टीने योग्यच होता. लोलकाद्वारे क्ष-किरणांचे अपवर्तन दाखवण्यात लार्सन, सीगबान व वॉलर यांना १९२४ साली यश आले.

दृश्य प्रकाशासाठी काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. क्ष-किरणांसाठी तो जवळपास १ असतो, आणि विशेष म्हणजे १ पेक्षा किंचित कमी असतो. क्ष-किरणांची वारंवारता अणूतील बहुतेक इलेक्ट्रॉनांच्या नैसर्गिक वारंवारतेहून खूप अधिक असल्याने इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद विरुद्ध कलेत होतो. त्यामुळे द्रव्यात तरंगाचे शिखर मागे न पडता पुढे सरकते. यामुळे सापेक्षतावादाचा भंग होत नाही, कारण संकेत वाहून नेणारा वेग प्रकाशवेगाच्या वर जात नाही. अपवर्तनांक १ पासून जितका ढळतो त्यास येथे 'अपवर्तन-घट' म्हणता येईल. ती द्रव्याच्या इलेक्ट्रॉन घनतेच्या आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शोषण दर्शवणाऱ्या दुसऱ्या राशीस 'शोषण-अंश' म्हणता येईल.

या दोन राशींची तुलना केल्यास विषयाचे मर्म ध्यानात येते. १० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या किरणांसाठी, म्हणजे सुमारे ०.१२४ नॅनोमीटर तरंगलांबीसाठी, पाण्याची अपवर्तन-घट दहा लाखांत साधारण २.३ एवढी असते. शोषण-अंश मात्र तिच्या चारशेव्या भागाहूनही लहान असतो. दुसऱ्या शब्दांत, सुमारे २७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ असा पाण्याचा थर या किरणांपैकी केवळ दीड टक्का शोषतो. परंतु तरंगाची कला अर्ध्या आवर्तनाने सरकवतो. अर्ध्या आवर्तनाचे अंतर म्हणजे शिखराच्या जागी दरी येण्याइतके अंतर. व्यतिकरणाच्या दृष्टीने याहून मोठा फरक असू शकत नाही.

ऊर्जा वाढवल्यास ही तफावत आणखी रुंदावते. शोषणाच्या सीमारेषांपासून दूर अपवर्तन-घट ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, तर शोषण-अंश साधारणपणे चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. २० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला पाण्यासाठी या दोहोंचे गुणोत्तर हजाराच्या वर जाते. म्हणजेच अधिक भेदक आणि कमी शोषले जाणारे किरण वापरूनही कलेची माहिती हाती राहू शकते. किरणांची मात्रा कमी ठेवून मऊ द्रव्य पाहण्याची शक्यता यातूनच निर्माण होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वरील आकडे पाणी व निर्वात यांच्या तुलनेतील आहेत. पाण्यात बुडालेल्या पेशीचे चित्र घेताना पेशीद्रव्य व पाणी यांच्या अपवर्तन-घटीतील फरकच उपयोगी पडतो, आणि तो वरील आकड्याचा लहानसा अंश असतो. शोषणाशी तुलना करता तरीही कलेचेच पारडे सामान्यतः जड राहते.

४. कलेचे तीव्रतेत रूपांतर

कला थेट नोंदवता येत नसेल तर तिचे तीव्रतेत रूपांतर करावे लागते. दृश्य प्रकाशासाठी हा प्रश्न डच भौतिकीविज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी सोडवला. पारदर्शक वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग करता येतात : वस्तूचा परिणाम न होता सरळ गेलेला आणि वस्तूमुळे विवर्तित झालेला. या दोहोंत पाव आवर्तनाचा कलाफरक असतो, म्हणून त्यांच्या बेरजेत तीव्रता बदलत नाही. सरळ गेलेल्या भागाची कला आणखी पाव आवर्तनाने सरकवली की दोन्ही भाग एकमेकांना बळ देतात किंवा छेदतात आणि पारदर्शक वस्तू दिसू लागते. १९३२ साली येना येथील झाइस कारखान्यात ही कल्पना मांडली असता तिचे अपेक्षित स्वागत झाले नाही, असे झेर्निके यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितले आहे. त्यांना १९५३ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. न रंगवता जिवंत पेशी पाहण्याचे साधन जीवशास्त्रास या कल्पनेनेच दिले.

क्ष-किरणांसाठी हेच तत्त्व वापरण्यात दोन अडथळे होते : योग्य भिंगांचा अभाव आणि सुसंगत किरणांच्या स्रोतांचा अभाव. सुसंगत म्हणजे ज्याच्या तरंगशिखरांचा परस्परसंबंध पुरेशा अंतरापर्यंत टिकून राहतो असा. सुसंगत राहणाऱ्या किरणशलाकेची रुंदी तरंगलांबी व स्रोतापासूनचे अंतर यांच्या गुणाकारास स्रोताच्या आकाराने भागल्यास अंदाजे मिळते. ०.१ नॅनोमीटर तरंगलांबी, १०० मीटर अंतर आणि १०० मायक्रोमीटर आकाराचा स्रोत घेतल्यास ही रुंदी सुमारे १०० मायक्रोमीटर येते. नेहमीच्या क्ष-किरण नळीतील स्रोत याहून बराच मोठा आणि नमुना जेमतेम मीटरभर अंतरावर असतो. त्यामुळे तेथे ही रुंदी कितीतरी कमी पडते. सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या लांब किरणवाहिन्या उपलब्ध झाल्यावर, म्हणजे प्रामुख्याने १९९० नंतर, या क्षेत्राची जी झपाट्याने वाढ झाली तिचे कारण येथे आहे.

५. प्रमुख पद्धती

नमुन्यातून बाहेर पडलेल्या तरंगाची कला एखाद्या डोंगराळ प्रदेशाच्या नकाशासारखी कल्पिल्यास निरनिराळ्या पद्धतींतील फरक सहज समजतो. काही पद्धती या प्रदेशाची उंची मोजतात, काही त्याचा उतार, तर काही उतारात होणारा बदल, म्हणजे वक्रता.

५.१ झेर्निके पद्धतीचा क्ष-किरण सूक्ष्मदर्शक : यात भिंगाचे काम झोन प्लेट करते. ही एककेंद्री सूक्ष्म वलयांची चकती असून ती अपवर्तनाऐवजी विवर्तनाने किरण एकवटते. तिच्या सर्वांत बाहेरील वलयाच्या रुंदीवर सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता ठरते. जर्मनीतील गटिंगेन येथे गुंटर श्माल व डीटबर्ट रुडॉल्फ यांच्या गटाने अशा सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला व पुढे त्यात कला सरकवणारे धातूचे कडे बसवून झेर्निके यांची कल्पना क्ष-किरणांत उतरवली. आज प्रयोगशाळेत मावणारे असे सूक्ष्मदर्शकही मिळतात; ते तयार करणारी एक्सरेडिया ही अमेरिकी कंपनी २०१३ साली झाइस समूहानेच विकत घेतली. या पद्धतीत कलेची उंची साधारणतः थेट दिसते. मात्र वस्तूच्या कडेभोवती खोटे तेजोवलय उमटते.

५.२ स्फटिक व्यतिकरणमापी : उलरिख बोन्झ व मायकेल हार्ट यांनी १९६५ साली सिलिकॉनच्या एकाच अखंड स्फटिकातून कोरलेला व्यतिकरणमापी सादर केला. किरणशलाका दुभंगून एक भाग नमुन्यातून व दुसरा मोकळा नेऊन पुन्हा एकत्र केल्यास व्यतिकरण पट्टे मिळतात. १९९० च्या दशकात जपानमध्ये अत्सुशी मोमोझे यांनी या साधनाने न रंगवलेल्या ऊतींचे त्रिमितीय चित्रण करून दाखवले. संवेदनशीलता उच्च असली तरी अणूच्या आकाराइतक्या कंपनानेही पट्टे ढळतात, आणि दृश्यक्षेत्र स्फटिकाच्या आकाराने सीमित राहते.

५.३ विश्लेषक स्फटिक : नमुन्यातून आलेले किरण परिपूर्ण स्फटिकावर परावर्तित केल्यास अत्यंत अरुंद कोनमर्यादेतील किरणच पुढे जातात. नमुन्यामुळे होणारे वळण बहुधा एक मायक्रोरेडियनच्या आसपास असते, म्हणजे एक किलोमीटर अंतरावर एक मिलिमीटर इतके. स्फटिक एवढाही फरक तीव्रतेत उतरवतो. या पद्धतीत कलेचा उतार दिसतो. मात्र तिला एकवर्णी, समांतर आणि प्रखर किरण लागतात.

५.४ प्रसारणाधारित पद्धत : यात कोणतेही जादा साधन नसते. संवेदक नमुन्यालगत न ठेवता काही सेंटिमीटर ते काही मीटर मागे नेला जातो. नमुन्यात वळलेले व न वळलेले किरण या अंतरात एकमेकांवर पडून व्यतिकरण करतात आणि वस्तूच्या कडा काळ्या-पांढऱ्या रेषांनी उठून दिसतात. अनातोली स्निगिरेव व सहकाऱ्यांनी १९९५ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर हे दाखवले. १९९६ साली ऑस्ट्रेलियात स्टीफन विल्किन्स व सहकाऱ्यांनी सूक्ष्म नाभीय क्ष-किरण नळी वापरून, आणि किरण एकवर्णी नसतानाही, हाच परिणाम मिळवला. आज ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. तिच्यात कलेची वक्रता दिसते; म्हणून कडा ठळक आणि एकसंध पृष्ठभाग मात्र फिके दिसतात.

५.५ जालक व्यतिकरणमापी : हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३६ साली असे निरीक्षण केले की, जालकातून गेलेला प्रकाश ठरावीक अंतरांवर जालकाची प्रतिमा आपोआप पुन्हा निर्माण करतो. क्ष-किरणांत ही स्वयंप्रतिमा नमुन्यामुळे किंचित सरकते आणि हे सरकणे दुसऱ्या शोषक जालकाने मोजता येते. मोमोझे यांनी २००३ च्या सुमारास ही पद्धत मांडली. २००६ साली स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत फ्रान्झ फायफर व सहकाऱ्यांनी स्रोतासमोर तिसरे जालक ठेवून साध्या क्ष-किरण नळीवरही ती यशस्वी केली. या तिसऱ्या जालकामुळे मोठा स्रोत अनेक अरुंद, स्वतंत्रपणे सुसंगत स्रोतांत विभागला जातो. एकाच मोजणीतून शोषण, कलेचा उतार आणि अतिसूक्ष्म रचनांमुळे होणारे विकिरण दाखवणारी 'कृष्णक्षेत्र' प्रतिमा, अशी तिहेरी माहिती मिळते, ही या पद्धतीची जमेची बाजू होय.

५.६ भिंगविरहित पद्धती : झोन प्लेटची वलये हव्या तितक्या अरुंद कोरता येत नाहीत, म्हणून भिंगच वगळण्याचा मार्ग पुढे आला. सुसंगत किरणाचा लहान ठिपका नमुन्यावर थोडाथोडा सरकवत, प्रत्येक वेळी शेजारच्या जागेचा काही भाग पुन्हा व्यापत, विवर्तनाचे नमुने नोंदवले जातात. सामाईक भागांवर सर्व नोंदी परस्परांशी जुळल्या पाहिजेत, या अटीवरून संगणक आयाम व कला दोन्ही शोधून काढतो. या पद्धतीस टायकोग्राफी म्हणतात. पॉल शेरर संस्थेत २०१७ साली एका संगणक चिपची त्रिमितीय रचना चिप न फोडता १४.६ नॅनोमीटर विभेदनाने, तर २०२४ साली ४ नॅनोमीटर विभेदनाने दाखवण्यात आली.

६. उपयोजनाची काही उदाहरणे

६.१ जीवाश्म : अपारदर्शक अंबरात अडकलेले कीटक दृश्य प्रकाशात दिसत नाहीत, आणि अंबर व कीटकाचे अवशेष दोन्ही सेंद्रिय असल्याने शोषणचित्रातही उठाव येत नाही. ग्रनोबल येथे प्रसारणाधारित पद्धतीने फ्रान्सच्या शाराँत भागातील अशा अंबराची तपासणी करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात डोळ्यांना पूर्ण अदृश्य असलेले शेकडो प्राणी व वनस्पतींचे अवशेष उजेडात आले.

६.२ प्राचीन हस्तलिखिते : इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम येथील ग्रंथालयातील पपायरसच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. त्या उलगडू पाहिल्यास तुटतात. शाई काजळीची आणि पपायरसही कोळसा झालेले, म्हणजे कार्बनवर कार्बन. शोषणात फरक जवळपास शून्य. २०१५ साली व्हितो मोचेल्ला व सहकाऱ्यांनी कलाभेद टोमोग्राफीने बंद गुंडाळीतील काही ग्रीक अक्षरे ओळखल्याचे प्रसिद्ध केले. मात्र २०१६ साली अशाच तुकड्यांतील काही शाईत शिसे असल्याचेही आढळले. प्रतिमेतील एखादा ठळकपणा नेमका कलेमुळे, पृष्ठभागाच्या उंचवट्यामुळे की जड धातूमुळे आला, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

६.३ मानवी अवयव : ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉनचे नूतनीकरण २०२० साली पूर्ण झाल्यावर किरणांची सुसंगतता लक्षणीय वाढली. तिचा लाभ घेऊन २०२१ साली दान केलेल्या अखंड मानवी अवयवांचे श्रेणीबद्ध चित्रण प्रसिद्ध झाले. प्रथम संपूर्ण फुप्फुस किंवा मूत्रपिंड सुमारे २० मायक्रोमीटर विभेदनाने पाहावे आणि मग त्याच अवयवाचा निवडक भाग न कापता काही मायक्रोमीटरपर्यंत जवळून पाहावा, असे हे तंत्र आहे. कोविड-१९ ने मृत्यू झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील बदल त्याद्वारे अभ्यासले गेले.

६.४ रुग्णांवरील वापर : इटलीतील त्रिएस्ते येथील एलेट्रा सिंक्रोट्रॉनवर २००६ साली स्तनांच्या कलाभेद चित्रणाचा रुग्णांवरील अभ्यास सुरू झाला. जालक पद्धतीच्या कृष्णक्षेत्र प्रतिमेचा फुप्फुसासाठी विशेष उपयोग होतो. निरोगी फुप्फुसात हवा व ऊती यांच्या असंख्य सीमा असतात व त्यांपासून भरपूर विकिरण होते; वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्या की हा संकेत घटतो. म्युनिक येथे या तत्त्वावरील छातीच्या चित्रणाचे रुग्णांवरील निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

७. प्रतिमावाचनातील दक्षता

वरील यशामुळे कलाभेद प्रतिमा म्हणजे 'अधिक स्पष्ट क्ष-किरण चित्र' असा समज होण्याची शक्यता आहे. हा समज अपुरा आहे. शोषणचित्रात गडद भाग म्हणजे अधिक शोषण, असा सरळ अर्थ असतो. कलाभेद प्रतिमेत गडद किंवा उजळ रेषा कशाची, हे पद्धतीवर अवलंबून असते. प्रसारणाधारित चित्रातील काळी-पांढरी जोडरेषा ही वस्तूवरील दोन थर नसून एकाच कडेचा विवर्तनजन्य परिणाम असू शकते. झेर्निके चित्रातील तेजोवलय हे पेशीभोवतीचे आवरण नव्हे.

दुसरी बाब कलेच्या आवर्ती स्वरूपाची. कला एका आवर्तनापुरतीच निःसंदिग्धपणे मोजता येते. वर दिलेल्या आकड्यांनुसार १० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला सुमारे ५४ मायक्रोमीटर पाण्यात एक आवर्तन पूर्ण होते. त्याहून जाड नमुन्यात किती पूर्ण आवर्तने झाली हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. यात चूक झाल्यास प्रतिमेत वस्तूत नसलेल्या पायऱ्या दिसतात.

तिसरी बाब संगणकीय पुनर्रचनेतील गृहीतकांची. २००२ साली डेव्हिड पॅगानिन व सहकाऱ्यांनी एकाच अंतरावरील एका चित्रावरून कला काढण्याची सुलभ रीत दिली आणि ती सर्वत्र रुळली. परंतु नमुना एकाच द्रव्याचा आहे, म्हणजे अपवर्तन-घट व शोषण-अंश यांचे गुणोत्तर सर्वत्र सारखे आहे, असे ती गृहीत धरते. हाड व स्नायू एकत्र असलेल्या नमुन्यात एकासाठी योग्य गुणोत्तर घेतल्यास दुसऱ्याच्या कडा एकतर धूसर होतात किंवा त्यांवर रेषा शिल्लक राहतात. म्हणून अशा चित्रावरून जाडी वा घनता मोजताना कोणते गुणोत्तर वापरले हे नमूद करणे आवश्यक ठरते.

चौथी बाब किरणमात्रेची. कलाभेदामुळे मात्रा कमी पुरते हे खरे. परंतु विभेदन जसजसे सूक्ष्म करावे तसतशी लागणारी मात्रा साधारणतः विभेदन-अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. विभेदन दुप्पट सूक्ष्म करायचे तर मात्रा सोळापट लागते. नॅनोमीटर पातळीवर पेशी जिवंत ठेवून तिचे चित्रण करणे त्यामुळेच शक्य होत नाही. नमुना गोठवून ठेवावा लागतो. कमी मात्रेचा दावा करताना तो कोणत्या विभेदनासाठी, हे सांगितले नाही तर तो अर्थहीन ठरतो.

८. भारतातील सोय

या तंत्रासाठी परदेशीच जावे लागते असे नाही. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २.५ गिगाइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा सिंक्रोट्रॉन आहे. त्यावरील प्रतिमांकनाची किरणवाहिनी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केली असून तेथे शोषणचित्रण, प्रसारणाधारित कलाभेद चित्रण आणि टोमोग्राफी या सुविधा आहेत. विद्यापीठे व महाविद्यालयांतील संशोधकांना प्रस्ताव सादर करून इंडसच्या किरणवाहिन्यांचा वापर करता येतो. वनस्पतिशास्त्रातील बिया व लाकूड, प्राणिशास्त्रातील कीटक, भूशास्त्रातील सच्छिद्र खडक, रसायनशास्त्रातील बहुवारिकांचे फेस असे अनेक विषय महाविद्यालयीन पातळीवरही हाताळता येण्याजोगे आहेत. नमुना रंगवण्याची गरज नसल्याने त्याची पूर्वतयारी तुलनेने साधी असते. अवघड भाग असतो तो मिळालेल्या प्रतिमेचा अर्थ लावण्याचा. यासाठी भौतिकीच्या अध्यापकाने अन्य विषयांच्या सहकाऱ्यांसोबत प्रस्तावापासूनच काम करणे हितावह ठरेल.

९. समारोप

क्ष-किरण तरंग वस्तूतून बाहेर पडताना शोषणाबरोबरच कलेचीही नोंद घेऊन येतो. हलक्या मूलद्रव्यांच्या बाबतीत ही दुसरी नोंद पहिलीपेक्षा शेकडो ते हजारपट ठळक असते. ती वाचण्याच्या पद्धती उंची, उतार किंवा वक्रता यांपैकी वेगवेगळी राशी पुढे आणतात, आणि सुसंगतता, दृश्यक्षेत्र, स्थैर्य वा संगणन यांपैकी कशाची तरी किंमत मागतात. सर्व नमुन्यांसाठी श्रेष्ठ अशी एकच पद्धत नाही. मोठ्या नमुन्यासाठी प्रसारण, रुग्णालयासाठी जालके, अतिसूक्ष्म रचनेसाठी भिंगविरहित विवर्तन, अशी निवड प्रश्नावरून ठरते.

कलाभेद प्रतिमा प्रकाशित करताना पद्धत, ऊर्जा, नमुना ते संवेदक अंतर आणि पुनर्रचनेची गृहीतके यांचा उल्लेख म्हणूनच अनिवार्य मानला पाहिजे. त्या उल्लेखाविना जीवशास्त्रज्ञास तेजोवलय हे आवरण वाटू शकते आणि इतिहासाच्या अभ्यासकास तंतूची कडा हे अक्षर वाटू शकते. तो उल्लेख असेल तर मात्र अंबरातील कीटक, कोळशातील लेखन आणि फुप्फुसातील वायुकोश यांविषयी वस्तूला धक्का न लावता विश्वासार्ह ज्ञान मिळवता येते.